मरांत्झ २२७०, पायोनिअर एसएक्स-८५० की यामाहा सीआर-८२०: दिसणं आणि घडण

सातारची_ओहायोत

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मी ओहायोत, कोलंबसजवळ राहते. आमच्याकडून वीस मिनिटांवर एक वयस्कर गृहस्थ राहतं घर विकून मुलीकडे चालले आहेत. त्यांच्या तळघरात सत्तरच्या दशकातले तीन स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) आहेत आणि तिन्ही चालू आहेत. मला त्यांतला एकच घ्यायचा आहे. शनिवारी बघून आल्यापासून मन एका जागी बसत नाहीये.

पहिला मरांत्झ २२७०. खोलीत शिरल्या शिरल्या नजर तिकडेच गेली. निळा उजेड, फिकट सोनेरी झाक असलेलं पॅनल, आणि स्टेशन लावायला नॉबच नाही. पॅनलच्या फटीतून एक आडवं चाक बाहेर डोकावतं. अंगठ्याने एकदा ढकललं तर काटा ८८ वरून निघाला तो आपला आपण शंभरच्या पुढे जाऊन थांबला. मी ते चार वेळा करून बघितलं.

दुसरा पायोनिअर एसएक्स-८५०. अंगापिंडाने आडवातिडवा. डायलला पिवळसर सोनेरी उजेड, पण उजवीकडचा एक दिवा गेलेला. लाकडी पेटीचा मागचा खालचा कोपरा तळघरातल्या ओलीने फुगलाय. बोट लावलं तर भुसा हाताला आला.

तिसरा यामाहा सीआर-८२०. त्याच्याकडे मी आधी नीट बघितलंही नव्हतं. चंदेरी, साधा, रंगीत उजेड नाही. निघता निघता त्याची एक छोटी कळ वरून खाली केली आणि तिथेच थांबले.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कॅप आणि ब्रिज बनवते. दिवसभर हातात अशाच वस्तू असतात ज्यांत केसाएवढी ढिलाई चालत नाही, त्यामुळे बोटांना सैलपणा लगेच कळतो. यामाहाच्या कळा एकूण एक सारख्या. एकही डुगडुगत नाही, एकही अडत नाही, प्रत्येकीचा ‘टक’ तोच. मरांत्झच्या चाकाला तोड नाही, पण त्याच पॅनलवरची दोन बटणं मला लुळी वाटली. आणि पैसे मात्र मरांत्झचे बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट सांगताहेत.

तर विचारायचं ते हे. बाहेरून हाताला जे जाणवतं, त्यावरून आतली घडण ओळखता येते का? की पॅनल सजवायला वेगळे लोक आणि आतलं काम करायला वेगळे? मी तबकड्या ऐकते, तेही बहुतेक रात्री दहानंतर, वर मुलं झोपलेली असतात तेव्हा, अगदी हळू आवाजात. खोली १२ बाय १४ फुटांची आहे.

डाखवाला

ताई, मी न्यू जर्सीत असतो. नोकरी वेगळी, पण गेली एकोणीस वर्षं शनिवार-रविवार याच यंत्रांची झाकणं उघडण्यात जातात. तुम्ही विचारलंत ते मला कुणी इतक्या नेमकेपणाने विचारलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वॉटचा विषय बाजूला काढू. मरांत्झच्या या मालिकेत नावातच वॉट असतात: २२३० म्हणजे चॅनलला (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) ३०, २२४५ म्हणजे ४५, २२७० म्हणजे ७०. पायोनिअर ६५ चा आहे, यामाहा ५० चा. ५० आणि ७० मधला फरक कानाला जेमतेम दीड डेसिबल. तुमच्या खोलीत, रात्री दहानंतर, तिन्ही एक-दोन वॉटच्या आतच चालतील.

आता घडण. मरांत्झच्या चाकाचं गुपित असं की तुम्ही प्रत्यक्ष फ्लायव्हीललाच, म्हणजे आतल्या जड चाकालाच, बोट लावता. बाकीच्या कंपन्यांत नॉब फिरवला की दांडा फिरतो, त्या दांड्यावर मागे फ्लायव्हील असतं आणि त्यावरून डायलची दोरी जाते. मरांत्झने ते जड चाकच आडवं करून पॅनलच्या फटीतून बाहेर काढलं आणि त्याला ‘जायरो-टच’ नाव दिलं. पॅनल जाड ॲल्युमिनिअमचं, नॉब धातूचे, आणि बास-मिड-ट्रेबल तिन्ही डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळे फिरवता येतात. पाहणाऱ्याला आणि हात लावणाऱ्याला कशाने आनंद होतो हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. सॉल मरांत्झ यांनी कंपनी १९६४ मध्येच सुपरस्कोप या अमेरिकन कंपनीला विकली होती. २२७० च्या काळात विक्री कॅलिफोर्नियातून व्हायची आणि यंत्रं जपानमध्ये स्टँडर्ड रेडिओच्या कारखान्यात जुळायची. लाकडी पेटी मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावी लागे, म्हणून पुष्कळ २२७० आज नुसत्या पत्र्याच्या झाकणात सापडतात. तुम्ही पाहिलेल्याला पेटी असेल तर ती जुनी आहे की हल्ली कुणी सुताराकडून करून बसवलेली, हे बघा.

आणि त्या निळ्या उजेडाबद्दल. मुळात आत पिवळे दिवे असतात, फ्यूजच्या आकाराचे, ८ व्होल्टचे. त्यांच्यापुढे अर्धपारदर्शक कागद असतो आणि निळी छटा गाळणीने येते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो कागद तपकिरी होतो, कधी करपतो. हल्ली लोक दिवे काढून थंड पांढरे एलईडी घालतात. मग डायल दवाखान्याच्या पाटीसारखी दिसते. मीच एक २२७० एका दुकानातून ‘संपूर्ण दुरुस्त’ म्हणून घेतला होता. आत उघडून बघतो तर झगझगीत एलईडी तेवढे नवे, कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) पाच बदललेले आणि बाकी सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून मी डायलकडे बघून कधीही पैसे मोजत नाही. एलईडी घालायचेच तर पिवळसर घ्यावेत, म्हणजे मूळ निळ्याच्या जवळ जातं.

पायोनिअरकडे येतो, कारण माझा जीव तिथे आहे. एसएक्स-८५० हा १९७६ चा. त्याच मालिकेतला थोरला भाऊ एसएक्स-१२५०, चॅनलला १६० वॉट, जवळजवळ ३० किलोचा, आत २२,००० मायक्रोफॅरडचे चार कंडेन्सर. ही यंत्रं एवढी धिप्पाड का झाली? १९७४ पूर्वी अमेरिकेत कंपन्या वॉट कसेही मोजत. ‘पीक पॉवर’, ‘म्युझिक पॉवर’, काय वाटेल ते जाहिरातीत छापत. त्या वर्षी नोव्हेंबरपासून फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा नियम लागू झाला. दोन्ही चॅनल एकदम चालवा, सांगितलेल्या वॉटच्या एक तृतीयांशावर तासभर तापवा आणि मगच मोजा. आता गंमत अशी की या जातीचे ॲम्प्लिफायर एक तृतीयांशाच्या आसपासच सर्वांत जास्त तापतात. त्या तासाभरात टिकायचं तर मोठा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हवा, मोठा ट्रान्सफॉर्मर हवा. त्यातच कंपन्यांची वॉटवरून चुरस लागली. आज आपण ज्याला ‘दणकट घडण’ म्हणतो तिच्यातलं बरंचसं वजन त्या एका चाचणीतून आलेलं आहे.

एसएक्स-८५० चं झाकण काढलंत की पिनांभोवती घट्ट गुंडाळलेल्या तारा दिसतील. तिथे डाख नसतो. चौकोनी पिनेच्या कडांवर तार ताणून गुंडाळली की ती धातूत रुतते आणि जोड वर्षानुवर्षं सैल होत नाही. हे काम मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा त्या कारखान्यातल्या हातांबद्दल आदर वाटतो. मात्र २एसए७२६ नावाचे छोटे ट्रान्झिस्टर वयाबरोबर कुरकुर करायला लागतात, ते बदलावेच लागतात.

एक सांगतो, कुठल्याही ब्रँडच्या आधी वर्ष बघा. पूर्वी डॉलरला ३६० येन मिळायचे, १९७८ मध्ये दोनशेच्याही खाली आले. अमेरिकेत विकायचा माल जपानला महाग पडायला लागला. मग काटछाट सुरू झाली. पायोनिअरचाच एसएक्स-७८० बघा, दिसायला देखणा, वॉट दाखवणारे मीटर डोलताहेत, पण आत पॉवरसाठी सुट्या ट्रान्झिस्टरांच्या जागी एसटीके ठोकळे, म्हणजे सगळं एकाच बंद तुकड्यात. तो ठोकळा गेला की मूळ मिळत नाही आणि बाजारात नकली भरपूर. म्हणजे मीटर वाढले आणि माल कमी झाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: १९७७ पर्यंतच्या यंत्रात पॅनल आणि पोट बहुतेक एकमेकांना धरून असतात, त्यानंतर प्रत्येक मॉडेल उघडूनच बघावं लागतं.

मी तुमच्या जागी असतो तर पायोनिअर घेतला असता. फुगलेला कोपरा हा लाकडाचा आजार आहे, यंत्राचा नव्हे. फक्त ओल आत शिरली नाही ना, ते बघायचं: झाकण काढून बुडाच्या पत्र्यावर गंज आहे का, आणि बोर्डांवर कुठे तपकिरी डिंक दिसतो का. त्या काळात कंडेन्सर हलू नयेत म्हणून पिवळट डिंक लावत. जुना झाला की तो तपकिरी पडतो, त्यातून वीज झिरपते आणि शेजारच्या तारा खातो. सान्सुईत मी हे फार पाहिलंय, पण बाकीचेही सुटलेले नाहीत.

जाताना हेडफोन न्या. दोन्ही कान, प्रत्येक कळ, प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत. खरखर आली तर घाबरू नका, पॉट, म्हणजे नॉबमागचे फिरते भाग, साफ होतात. लुळी बटणं मात्र साफ करून घट्ट होत नाहीत.

सूरपेटी

डाखवाला दादांचं सगळं पटलं, एक सोडून. यामाहाला त्यांनी चार ओळीही दिल्या नाहीत!

मी मिरजेचा. घरात दोन पिढ्या हार्मोनिअम दुरुस्तीचं काम आहे, म्हणून या कंपनीकडे माझा ओढा आहे हे आधीच सांगून टाकतो. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ मध्ये हमामात्सुच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला, तिथून ही कंपनी सुरू झाली. म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. कंपनीच्या चिन्हातल्या तीन दांड्या म्हणजे तीन ट्यूनिंग फोर्क आहेत.

मामा मस्कतला होते. ते १९७९ मध्ये परतताना सीआर-६२० घेऊन आले, तुमच्या ८२० चा धाकटा भाऊ. तेव्हा आमच्याकडे कुणाला एफएम माहीतच नव्हतं. देशात पहिलं एफएम मद्रासला सुरू झालं १९७७ मध्ये, मिरजेत कुठून येणार? त्यामुळे त्या सुंदर डायलचा अर्धा भाग आमच्या लहानपणी नुसता पाहण्यापुरता होता. आम्ही मीडियम वेव्ह ऐकायचो.

ताईंनी कळांबद्दल लिहिलंय ते मी रोज अनुभवतो. आमच्या कामात स्टॉपच्या दांडीची ओढ महत्त्वाची. वाजवणारा माणूस गाता गाता न बघता स्टॉप ओढतो, तेव्हा दांडीने त्याला बोटातून कळवलं पाहिजे की मी पूर्ण उघडले. यामाहाच्या कळेत तेच आहे. अंधारात हात लावा, कुठली कळ वर आहे आणि कुठली खाली, ते दिवा न लावता कळतं. निळा उजेड दुकानात मोहात पाडतो हे मान्य. पण रोज रात्री त्याच खोलीत बसायचं असेल तर यामाहाचा फिक्कट उबदार डायल डोळ्यांना त्रास देत नाही. माझ्या मते त्या दशकात सर्वांत विचार करून केलेलं रूप यामाहाचं आहे. कुठेही उगीच चमक नाही, आणि एकही नॉब गरजेपेक्षा मोठा नाही.

आणि हळू आवाजात ऐकणाऱ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट: लाउडनेसचा नॉब. आवाज कमी केला की कानाला आधी खर्ज ऐकू येईनासा होतो, हा कानाचाच स्वभाव आहे. बाकीच्या यंत्रांत लाउडनेसचं एक बटण असतं, दाबलं की ठरावीक खर्ज वाढतो, तुम्हाला हवा असो वा नसो. यामाहात तो नॉब आहे. आधी व्हॉल्यूम तुमच्या नेहमीच्या मोठ्या आवाजावर ठेवायचा आणि मग आवाज कमी करायचा तो लाउडनेसच्या नॉबने. जितका कमी कराल तितकं ते वरचे आणि खालचे सूर सांभाळत जातं. रात्री साडेदहाला तबल्याचा बाया नुसता ऐकू येण्यापेक्षा बाया म्हणून ओळखू येतो. मुलं वर झोपलेली आहेत म्हणता, मग एवढ्यावरच निर्णय व्हायला हरकत नाही.

पासोड्या_विठोबाजवळ

थोडक्यात लिहितो. कधीकाळी हे यंत्र घेऊन भारतात परत यायचा विचार असेल तर मागच्या बाजूला व्होल्टेजची फिरकी आहे का ते आत्ताच बघा. बाहेरच्या देशांसाठी काढलेल्या पुष्कळ मॉडेलांत ११० ते २४० ची निवड असते, अमेरिकेत विकलेल्यांत बहुतेक वेळा फक्त १२०. मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ असल्याने आतला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त गरम होतो. वर हवा खेळायला जागा ठेवायची, इतकंच.

एफएम आपल्याकडे किंचित मंद वाटेल. अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंदाचा डी-एम्फसिस (एफएममधले वरचे सूर खाली आणण्याचं प्रमाण), इथे ५०. ट्रेबल थोडा वाढवला की भागतं. मीडियम वेव्हला काहीच अडचण नाही, स्टेशनांमधलं अंतर इथे नऊ आणि अमेरिकेत दहा किलोहर्ट्झ, पण काट्याच्या डायलला दोन्ही सारखेच. माझ्या सान्सुईवर पुणे ७९२ ला स्वच्छ लागतं.

आणि दादा, सान्सुईच्या डिंकाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण त्यांचे ट्रान्सफॉर्मर बघा. कंपनीची सुरुवातच ट्रान्सफॉर्मर बनवण्यापासून झाली. माझा एकदाही गुणगुणला नाही.

डाखवाला

सान्सुईचा ट्रान्सफॉर्मर, मान्य. शंभर टक्के.

सूरपेटी, लाउडनेसचा मुद्दा माझ्या लिहिण्यातून सुटला आणि तो सुटायला नको होता. ताई रात्री हळू ऐकतात हे मी वाचलं, वॉटच्या हिशेबात वापरलं, पण पुढे नेलं नाही. तरी पायोनिअरच्या बाजूने एक सांगतो: सुटे भाग आणि माहिती त्याची सर्वांत सहज मिळते. बारा वर्षांनी कुणी उघडला तरी दुरुस्त होईल.

सातारची_ओहायोत

आज परत जाऊन आले. स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, हेडफोन सगळं घेऊन. त्या काकांनी तिन्ही झाकणं काढू दिली, स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. यामाहा त्यांनी स्वतः नवा घेतलेला, बाकीचे दोन नंतर कुणाकडून आलेले.

मरांत्झ: दादांनी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. दिवे सगळे थंड पांढरे एलईडी. त्या लुळ्या बटणांपैकी एक आतून चिकटपट्टीने धरून ठेवलंय. चाक तेवढं अजूनही स्वर्गीय. मी पाचव्यांदा ढकललं.

पायोनिअर: तुम्ही म्हणालात तसं गुंडाळलेल्या तारा पाहून मी थक्क झाले. आमच्या लॅबमध्ये मेणाच्या तारा आम्ही इतक्या नेटक्या गुंडाळत नाही. बुडाच्या पत्र्यावर मागच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा गंज आहे, बोर्ड मात्र कोरडे.

यामाहा: आत धूळ, दुसरं काही नाही. कुणी उघडल्याची खूणच नाही, एकाही स्क्रूची खाच घसरलेली नाही. डावा चॅनल सुरुवातीला गप्प होता, आवाज थोडा मोठा केला तेव्हा एकदम आला, मग परत गेला. काका म्हणाले, हे दोनेक वर्षं असंच आहे.

आणि मी तोच घेतला. हेडफोन लावून आवाज अगदी कमी केला, लाउडनेस फिरवत खाली आणला, आणि तानपुरा खालपर्यंत भरलेला ऐकू आला. त्याच मापाला पायोनिअरचं बटण दाबून बघितलं होतं, तिथे खर्ज नुसता फुगला. दादा, रागावू नका.

आता तो टेबलावर आहे, प्लग लावलेला नाही. डाव्या चॅनलचं काय करू?

डाखवाला

रागावतो कशाला. पहिल्या मालकाकडून, न उघडलेलं यंत्र मिळणं हे नशीब आहे.

आवाज वाढवल्यावर चॅनल परत येतो म्हणजे बहुधा स्पीकरचा रिले, स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. चालू केल्यावर चार-पाच सेकंदांनी ‘खट’ होतं ना, तोच. त्याच्या टोकांवर काजळी धरते, कमी आवाजातली वीज तिच्यातून जात नाही, मोठ्या आवाजातली जाते. तुम्ही हळू ऐकणार, म्हणजे तुम्हाला हा त्रास सर्वांत जास्त होईल. टोकं पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. नवा रिले बसवा, महाग नसतो. तोपर्यंत कळा आणि व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकेक थेंब, आणि प्रत्येक वीस-पंचवीस वेळा फिरवा. तेही चॅनल जायचं कारण असू शकतं, म्हणून आधी ते करा, मग रिले.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावून, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, करा. जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब, एलईडीचा नको. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर लगेच बंद करा आणि इथे लिहा.

हात लावण्याआधी प्लग काढून निदान पंधरा मिनिटं थांबा, मोठ्या कंडेन्सरांवर मीटर लावून उतरलेत ना ते बघा. आणि झाकण काढून आतल्या भागाचा एक फोटो टाका, रिलेचा नंबर मला वाचता येईल एवढा जवळून.